क्वांटम तंत्रज्ञानात पीएचडी: कुठे, कोणत्या परीक्षेतून, आणि लॅब निवडताना काय तपासायचं

संयोगबिंदू:

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली मुलं हा विषय वेगवेगळ्या धाग्यांवर विचारतात आणि उत्तरं विखुरतात, म्हणून हा स्वतंत्र धागा काढला. जाणकारांनी भर घालावी.

आधी पैशाचं चित्र. राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. तरतूद ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. त्याखाली चार हब आहेत. क्वांटम संगणन बंगळुरूच्या आयआयएससीकडे, क्वांटम संवाद आयआयटी मद्रासकडे (सोबत सी-डॉट, केंद्राची दूरसंचार संशोधन संस्था), संवेदन आणि मापनशास्त्र आयआयटी मुंबईकडे, पदार्थ आणि उपकरणं आयआयटी दिल्लीकडे.

इथेच पहिला गोंधळ होतो. हब पीएचडी देत नाही. प्रत्येक हबखाली देशभरातल्या अनेक संस्थांमधले गट जोडलेले आहेत, आणि पदवी मिळते ती तुम्ही ज्या संस्थेत नाव नोंदवता तिची. त्यामुळे 'संवेदनाचं हब मुंबईत म्हणून अर्ज फक्त मुंबईलाच' किंवा 'पुण्यात हब नाही म्हणून पुणे सोडून द्यायचं' हे दोन्ही चूक. पुण्याच्या आयसरमध्ये मिशनच्या आधीपासून आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशन आहे. ते सायबर-फिजिकल सिस्टिम्सच्या राष्ट्रीय मिशनमधून उभं राहिलं. त्यांची चाणक्य फेलोशिप पदवीपासून पोस्टडॉकपर्यंत प्रत्येक टप्प्यासाठी आहे, आणि डॉक्टरेटची फेलोशिप इतर संस्थांतल्या विद्यार्थ्यांनाही मिळते.

संस्थेचं नाव बाजूला ठेवून क्युबिट (क्वांटम माहितीचं एकक) कशाचा, यावरून यादी केली तर डोकं लवकर साफ होतं.

अतिवाहक परिपथ: कुलाब्याची टीआयएफआर, बंगळुरूची आयआयएससी. टीआयएफआर, डीआरडीओची पुण्यातली तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून केलेल्या ६ क्युबिटच्या प्रोसेसरची पूर्ण चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली.

फोटॉन आणि क्वांटम संवाद: बंगळुरूची रामन संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा (पीआरएल), आयआयटी मद्रास, आयआयटी दिल्ली.

आयन आणि थंड अणू: आयसर पुणे, रामन संस्था, आणि आयुका. आयुका म्हटलं की लोकांना फक्त खगोलशास्त्र आठवतं, पण तिथे इटर्बियम आयनच्या प्रकाशीय घड्याळावर काम चालतं.

एनएमआर (अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद): आयसर पुणे, आयसर मोहाली. हिऱ्यातली एनव्ही केंद्रं (कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी रिकामी जागा, असे दोष): आयआयटी मुंबई.

सिद्धांत: प्रयागराजची हरिश्चंद्र संस्था, चेन्नईची आयएमएससी, कोलकात्याची आयएसआय आणि सत्येंद्रनाथ बोस केंद्र, शिवाय टीआयएफआर आणि बहुतेक आयआयटी.

पदवी कोणाची हेही बघून घ्या. हरिश्चंद्र संस्था आणि आयएमएससीची पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते, रामन संस्थेची जेएनयूची.


मीनल_कोल्हापूर:

छान धागा. एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. प्रयोग करायचा आहे, पण आमच्याकडे क्रायोजेनिक्स म्हणजे द्रव नायट्रोजनपर्यंतच. अतिवाहक क्युबिटच्या लॅबमध्ये विद्यार्थी दिवसभर नेमकं करतो काय? आणि तशा लॅबमध्ये पाच वर्षांत पीएचडी होते का?


हिमांक:

@मीनल, नायट्रोजनपर्यंतचा अनुभव पुरतो, त्याची चिंता नको. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लॅब कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं.

मिलिकेल्विन कशासाठी लागतं, ते आधी. ट्रान्समॉनची, म्हणजे अतिवाहक क्युबिटच्या नेहमीच्या प्रकाराची, वारंवारता साधारण ५ गिगाहर्ट्झ. एवढ्या ऊर्जेच्या फोटॉनला तापमानात मोजलं तर सुमारे ०.२४ केल्विन होतात. क्युबिट आपोआप उत्तेजित होऊ नये म्हणून तापमान त्याच्या बरंच खाली हवं, म्हणून डायल्यूशन फ्रिज १० ते २० मिलिकेल्विनला चालवतात.

आता काम. साधारण तीन भाग.

पहिला, चिप बनवणं. जोसेफसन जंक्शन म्हणजे दोन अ‍ॅल्युमिनियम थरांमध्ये नॅनोमीटरभर ऑक्साइड. इलेक्ट्रॉन-बीमने नक्षी काढायची, एका कोनातून अ‍ॅल्युमिनियम चढवायचं, चेंबरमध्ये मोजून ऑक्सिजन सोडायचा, मग दुसऱ्या कोनातून पुन्हा अ‍ॅल्युमिनियम. जंक्शनची बाजू २०० नॅनोमीटरच्या आसपास. थंड करण्याआधी खोलीच्या तापमानालाच जंक्शनचा रोध मोजतात, आणि त्यावरून क्युबिटची वारंवारता आधीच सांगता येते. १० किलोओम आला तर नेहमीच्या रचनेत वारंवारता ५ गिगाहर्ट्झच्या आसपास बसते. वारंवारता रोधाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे रोध २ टक्के सरकला की वारंवारता १ टक्का, सुमारे ५० मेगाहर्ट्झ. शेजारच्या दोन क्युबिटांची वारंवारता ठरवलेल्या अंतरावर ठेवायची असेल तर ५० मेगाहर्ट्झ खूप झाले. त्यात जंक्शन म्हातारं होतं, चिप नुसती कपाटात ठेवली तरी रोध हळूहळू वाढतो. आणि मोजताना अंगावरच्या स्थिर विजेने जंक्शन क्षणात जळतं. मनगटाला अर्थिंगचा पट्टा आणि प्रोबच्या मालिकेत १ मेगाओमचा रोध, हे दोन्ही नसेल तर हात लावायचा नाही.

दुसरा, फ्रिज. वरून येणाऱ्या मायक्रोवेव्ह तारांमधून खोलीच्या तापमानाचा गोंगाट खाली उतरतो. तो मारायला टप्प्याटप्प्याने अ‍ॅटेन्युएटर बसवतात. ४ केल्विनला २० डेसिबल, मधल्या थंड थाळीवर २०, सगळ्यात खाली मिक्सिंग चेंबरवर २०, एकूण ६०. परतीच्या वाटेवर आयसोलेटर आणि ४ केल्विनला कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर. थंड व्हायला दीड-दोन दिवस, गरम करायला जवळपास तेवढेच. म्हणजे एक कनेक्टर सैल राहिला तर आठवडा गेला. त्यामुळे बंद करण्याआधी प्रत्येक तार नेटवर्क अ‍ॅनालायझरवर तपासून नोंदवहीत आलेख चिकटवायची शिस्त ज्या लॅबमध्ये आहे, तिथली मुलं वेळेत सुटतात.

फ्रिज बिघडतो कशाने? सगळ्यात जास्त वेळा वीज आणि पाणी. पल्स ट्यूबचा (फ्रिजला सुरुवातीचा थंडावा देणारा भाग) कॉम्प्रेसर पाण्याने थंड होतो. मे महिन्यात चिलर मान टाकतो, कॉम्प्रेसर बंद पडतो, आणि हेलियमचं मिश्रण उकळून टाकीत परत घ्यावं लागतं. दुसरं कारण सूक्ष्म गळती. मिश्रणात हवा शिरली की ती आतल्या बारीक नळीत गोठते आणि प्रवाह तुंबतो. हेलियम-३ इतकं महाग आहे की गळती शोधताना घाई कोणी करत नाही.

तिसरा भाग मोजमाप: पायथनमध्ये उपकरणं चालवणं, टी-वन (क्युबिट उत्तेजित अवस्थेत किती वेळ टिकतो) आणि टी-टू (त्याची क्वांटम सुसंगती किती वेळ टिकते) मोजणं, गेटची चूक काढणं. ५ गिगाहर्ट्झला टी-वन १०० मायक्रोसेकंद आला तर गुणवत्तांक सुमारे ३१ लाख होतो. तो का घसरला, हे शोधण्यातच बराचसा प्रबंध असतो. ऑक्साइडमधले दोष, अवरक्त किरणांची गळती, तुटलेल्या कूपर जोड्या (अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या), एकेक करून वगळत जायचं.

पाच वर्षांत होतं, जर तुम्ही रुजू होताना फ्रिज थंड होत असेल आणि चिप बनवण्याची कृती बसलेली असेल. फ्रिजची निविदाच अजून निघायची असेल तर पहिली दोन वर्षं उभारणीत जातील. उभारणी शिकण्यासारखी असते, नाकारू नका, पण आधी माहीत असूद्या आणि गाइडशी आधीच ठरवा की त्या काळात तुम्ही कोणाच्या नमुन्यांवर काम करणार.


प्रकाशवाट:

हिमांक यांचं वाचून कोणी घाबरू नये, फोटॉनच्या लॅबमध्ये बरंचसं काम खोलीच्या तापमानाला चालतं. म्हणून तिथे पहिला निकाल लवकर हाती येतो.

नेहमीचा संच असा: ४०५ नॅनोमीटरचा लेझर, एका फोटॉनचे दोन करणारा पीपीकेटीपी स्फटिक ओव्हनमध्ये, आणि त्यातून ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनांच्या जोड्या. दोन सिलिकॉन डिटेक्टर, एक टाइम-टॅगर (प्रत्येक टिचकीची वेळ नोंदवणारं यंत्र). मुलाखतीला जाण्याआधी हे गणित हातात असू द्या. समजा दोन्ही डिटेक्टरवर सेकंदाला १,००,००० टिचक्या पडतात आणि जोडीने येणाऱ्या २०,०००. म्हणजे हेराल्डिंग कार्यक्षमता (एक फोटॉन दिसला तर त्याचा जोडीदारही दिसण्याचं प्रमाण) २० टक्के. जुळणीची खिडकी १ नॅनोसेकंद असेल तर योगायोगाने जुळणाऱ्या टिचक्या १०^५ × १०^५ × १०^-९, म्हणजे सेकंदाला १०. पंपची शक्ती १० पट वाढवा. खऱ्या जोड्या १० पट वाढतात, पण खोट्या १०० पट. 'लेझर आणखी वाढवला तर?' हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो तो यासाठी.

काय बिघडतं: फायबर वाकला की ध्रुवीकरण फिरतं, आणि एसी चालू-बंद झाला की पुन्हा फिरतं. स्फटिकाचं तापमान अर्धा अंश हललं तर जोडीतल्या दोघांची तरंगलांबी एकमेकांपासून सरकते. डिटेक्टर चालू असताना खोलीतला दिवा लावला तर डिटेक्टर कायमचा खराब होऊ शकतो. लाखोंची वस्तू आहे, दाराच्या स्विचवर चिकटपट्टी लावलेली लॅब दिसली की समजा तिथे शिस्त आहे.

संवादाच्या दिशेने जाणाऱ्यांनी तोट्याचा हिशेब पाठ करावा. १५५० नॅनोमीटरला फायबरमध्ये किलोमीटरमागे ०.२ डेसिबल. १०० किलोमीटरला २० डेसिबल, म्हणजे शंभरातला एक फोटॉन पोचतो. २०० ला दहा हजारांत एक. क्वांटम अवस्थेची प्रत काढता येत नाही, त्यामुळे मध्ये साधा अ‍ॅम्प्लिफायर बसवता येत नाही. म्हणूनच मिशनने २,००० किलोमीटरचं जे लक्ष्य ठेवलंय त्यासाठी उपग्रह किंवा मध्ये विश्वासू टप्पे लागतात, आणि खरा उपाय असलेला क्वांटम रिपीटर अजून संशोधनाचाच विषय आहे. स्मृती, वारंवारता रूपांतर, गुंतलेल्या अवस्थांची अदलाबदल यांत पुढची बरीच वर्षं पुरतील एवढे प्रबंध पडून आहेत. बीबी८४ चा (गुप्त किल्ली वाटण्याची मूळ क्वांटम पद्धत) आणखी एक संच टेबलावर मांडणं हा मात्र आता पीएचडीचा विषय राहिलेला नाही. २० डेसिबल तोट्यापलीकडे काय नवं करणार, हे गाइडला सरळ विचारा.

संवेदनाकडेही बघा. हिऱ्यातल्या एनव्ही केंद्राला फ्रिज लागत नाही. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, २.८७ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह, आणि लाल प्रकाशात होणारी घट मोजायची. १ मायक्रोटेस्लाला रेषा २८ किलोहर्ट्झ सरकते. उपकरणं कमी, म्हणून नव्या लॅबमध्येही दुसऱ्या वर्षी डेटा मिळू लागतो.


संयोगबिंदू:

@प्रकाशवाट, प्रतिसाद उत्तम.


नेट_गेट_जेस्ट:

परीक्षांबद्दल एकाच ठिकाणी लिहितो.

सीएसआयआर-यूजीसी नेट, भौतिक विज्ञान: वर्षातून दोनदा. एकूण २०० गुण. 'अ' भागात २० पैकी १५ सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. 'ब' मध्ये २५ पैकी २०, प्रत्येकी साडेतीन. 'क' मध्ये ३० पैकी २०, प्रत्येकी ५. चुकलं की २५ टक्के कापतात. निम्मे गुण 'क' भागात आहेत. तिथे दहा-बारा प्रश्न खात्रीने सोडवणं हे वीस प्रश्नांवर अंदाज मारण्यापेक्षा फायद्याचं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) लागली तर फेलोशिप तुमच्या नावाची होते, संस्था कोणतीही घ्या. जेआरएफ हुकली पण 'फक्त पीएचडी प्रवेश' या गटात नाव आलं, तर ते गुण १ वर्ष चालतात, पैसे मात्र मिळत नाहीत.

गेट: गुण ३ वर्षं चालतात. आयआयटींना मुख्यतः हेच लागतं.

जेस्ट: हरिश्चंद्र, आयएमएससी, रामन संस्था आणि इतर अनेक संशोधन संस्था याचे गुण घेतात. त्याच वर्षापुरते. सिद्धांताकडे जाणाऱ्याने ही चुकवू नये. सैद्धांतिक संगणकशास्त्राचा वेगळा पेपर आहे, अल्गोरिदम आणि गुंतागुंतशास्त्राकडून क्वांटममध्ये येणाऱ्यांसाठी तो.

वेळापत्रक साधारण असं: गेटचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेस्टचा हिवाळ्यात, दोन्ही परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मुलाखती मे ते जुलै, रुजू ऑगस्टमध्ये. आयसर पुणेसारख्या काही ठिकाणी जानेवारीतही प्रवेश असतो, त्याच्या मुलाखती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. जानेवारीच्या तुकडीला कमी लोक अर्ज करतात. गाइडकडे जागा असेल तर ही वाट चांगली आहे.

पैसे: १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,०००, वर घरभाडं. मुंबई आणि पुणे दोन्ही घरभाड्याच्या एक्स वर्गात (मोठी शहरं) येतात, सध्याचा दर ३० टक्के, म्हणजे वसतिगृह न मिळाल्यास जेआरएफला ११,१०० रुपये. पंतप्रधान संशोधन फेलोशिपच्या मूळ योजनेत पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढे ८०,०००, शिवाय वर्षाला २ लाख संशोधन खर्चासाठी. त्यात आठवड्याला शिकवण्याची अट आहे.

आणि एक सापळा, यात दरवर्षी मुलं अडकतात. 'क्वांटम मिशन प्रकल्पात जेआरएफ पाहिजे' अशी जाहिरात निघते. ती प्रकल्पाची जागा असते, पीएचडीची नोंदणी नव्हे. नोंदणीसाठी संस्थेची स्वतंत्र निवड पार करावी लागते. रुजू होण्याआधी लेखी विचारा: या जागेवरून पीएचडीला नोंदणी होते का, केव्हा, आणि प्रकल्प संपला तर फेलोशिप कोण देणार? मिशनची मुदत मार्च २०३१ पर्यंत आहे. ऑगस्ट २०२६ ला रुजू होणाऱ्याची पाच वर्षं त्यापुढे जातात. स्वतःची जेआरएफ किंवा संस्थेची फेलोशिप असेल तर हा प्रश्नच उरत नाही.


ईएनटीसी_सांगली:

बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स आहे, आरएफमध्ये नोकरी. एम.एस्सी. नाही. वाट बंद का?


हिमांक:

अजिबात नाही. उलट अतिवाहक गटांना आरएफ माणूस हवाच असतो. एफपीजीएवर क्युबिटचा नियंत्रक लिहिणं, कमी गोंगाटाचे अ‍ॅम्प्लिफायर, क्रायोजेनिक सीमॉस, ही सगळी पीएचडीची कामं आहेत. आयआयएससी आणि आयआयटींच्या इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स विभागांत चांगला गेट असलेल्या बी.ई.ला थेट पीएचडीला अर्ज करता येतो. आयआयएससीत क्वांटम तंत्रज्ञानाचं एम.टेक.ही आहे, ती मधली पायरी म्हणून उत्तम.

कमी पडेल ते क्वांटम यांत्रिकी. सहा महिने रोज तास-दीड तास द्या: दोन-पातळी प्रणाली, हार्मोनिक दोलक, घनता मॅट्रिक्स, कालसापेक्ष विक्षोभ. मग एलसी परिपथ स्वतः क्वांटाइझ करून बघा, कॅपॅसिटरवरचा शून्य-बिंदू व्होल्टेज किती येतो ते काढा. क्यूटिपमध्ये (क्वांटम गणितासाठीची पायथन लायब्ररी) अनुनादकाला जोडलेला क्युबिट सोडवा. एवढं झालं की मुलाखतीत तुम्ही भौतिकशास्त्राच्या मुलाच्या बरोबरीने उभे राहता, वर स्मिथ चार्ट वाचता येतो हा फायदा.


अनिश्चित:

सगळे प्रयोगाचंच बोलताय. थोडं सिद्धांताबद्दल, आणि थोडा मतभेदही.

प्रयोगात संधी जास्त, हे खरं. पण सिद्धांत म्हणजे कागद-पेन्सिल आणि नोकरी नाही, हा समज जुना झाला. त्रुटी-दुरुस्ती घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्युबिटच्या विलो चिपवर पृष्ठसंकेताचं (अनेक क्युबिटांच्या जाळीत एक तार्किक क्युबिट साठवणारा संकेत) अंतर ३ वरून ५, ५ वरून ७ केल्यावर तार्किक चूक दर वेळी निम्म्याहून कमी होते हे दाखवलं. त्यामुळे डिकोडर (चूक कुठे झाली ते ओळखणारा प्रोग्राम) किती वेगाने उत्तर देतो, कमी क्युबिटांत बसणारे संकेत कोणते, ते प्रत्यक्ष चिपच्या जोडण्यांवर कसे मांडायचे, हे सगळे प्रश्न अचानक व्यवहारात आले. यातलं बरंचसं काम लॅपटॉप, स्टिमसारखं सिम्युलेटर आणि रैखिक बीजगणितावर होतं. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, कुठूनही आज सुरू करता येतं. अंतर ३ चा पृष्ठसंकेत स्वतः लिहा, चुकांचा दर बदलत जा, ३, ५ आणि ७ चे आलेख कुठे छेदतात ते बघा. छेदबिंदू १ टक्क्याच्या आसपास आला तर कोड बरोबर आहे. हा आलेख अर्जाला जोडण्यासारखा आहे, ऑनलाइन कोर्सच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

टाळायचं काय? 'क्वांटम मशीन लर्निंगने अमुक रोगाचं निदान' छापाचे विषय, जिथे ८-१० क्युबिटचं सिम्युलेशन करून साध्या पद्धतीशी प्रामाणिक तुलना केलेली नसते. त्यातून पेपर निघतात, शिक्षण निघत नाही. विषय चांगला की नाही याची एकच कसोटी लावा: साध्या संगणकावरची सर्वोत्तम पद्धत शेजारी ठेवली आहे का?

आणि पोस्ट-क्वांटम गुप्तलेखन (क्वांटम संगणकालाही फुटू नये असं गुप्तलेखन) हा वेगळा विषय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्टने त्याची पहिली तीन मानकं काढली. त्यात गणित लॅटिस आणि हॅशचं, क्युबिट कुठेच नाही. संगणकशास्त्र किंवा गणिताच्या विभागात अर्ज करायचा.


प्रकाशवाट:

@अनिश्चित यांच्या मशीन लर्निंगच्या मुद्द्याला +१.


डेल्फ्टकर:

परदेशाबद्दल.

नेदरलँड्समध्ये पीएचडी ही चार वर्षांची नोकरी असते: पगार, रजा, निवृत्तिवेतन सगळं. डेल्फ्टच्या क्यूटेकमध्ये किंवा इतर विद्यापीठांत 'प्रवेश' असा नसतो, गटाची जागा निघते तेव्हा अर्ज करायचा, वर्षभरात कधीही. एम.एस्सी. लागतेच. जर्मनीत टीव्ही-एल ई१३ या सरकारी वेतनश्रेणीचा करार, पण बहुधा अर्ध्या ते पाऊण प्रमाणात. जाहिरातीत ६५ किंवा ७५ टक्के लिहिलेलं असतं ते पगाराचं प्रमाण, काम पूर्ण वेळच. म्युनिकमध्ये मॅक्स प्लांकची क्वांटम विज्ञानाची पदवीशाळा आहे, तिथे एकाच अर्जात अनेक गटांकडे पोचता येतं.

युरोपातले मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क फार कमी लोकांना माहीत असतात. अट अशी: रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावं. भारतातून थेट जाणाऱ्याला ती आपोआप पूर्ण होते, जर्मनीत मास्टर्स करणाऱ्याला जर्मनीतली जागा मिळत नाही पण फ्रान्स-स्पेनची मिळते. पगाराचा जाहीर आकडा मालकाचा हिस्सा धरून असतो, हातात बराच कमी येतो.

कॅनडात वॉटर्लू: अर्ज भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकी विभागाला, आणि त्यात क्वांटम माहितीची विशेष शाखा निवडायची. क्वांटम संस्थेला थेट अर्ज करून बसू नका. सिंगापूरच्या क्वांटम तंत्रज्ञान केंद्रात स्वतःची पीएचडी शिष्यवृत्ती आहे. जपानच्या ओकिनावातल्या ओआयएसटीत पहिल्या वर्षी तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये फिरवतात, विषय पक्का नसलेल्यांना ते उपयोगी. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल, यूसीएलची प्रशिक्षण केंद्रं चांगली, पण सरकारी पैशाच्या जागांत परदेशी विद्यार्थी जास्तीत जास्त ३० टक्के, म्हणून अर्ज जाहिरात निघताच टाका.

अमेरिकेची मुदत बहुतेक १ ते १५ डिसेंबर. बहुतेक ठिकाणी फिजिक्स जीआरई आता ऐच्छिक. अर्जाचं शुल्क परवडत नसेल तर माफीसाठी ऑक्टोबरमध्येच लिहा, मुदत जवळ आल्यावर दाद लागत नाही.


मीनल_कोल्हापूर:

गाइडना मेल पाठवताना काय लिहायचं? अनेकांना पाठवले, उत्तर येत नाही असं सीनियर सांगतात.


अनिश्चित:

कारण सगळ्यांना एकच मेल जातो. दीडशे-दोनशे शब्द पुरे. पहिल्या ओळीत कोण, कुठली पदवी, कोणती परीक्षा, केव्हा रुजू होऊ शकता. मग त्यांच्या अलीकडच्या एका पेपरबद्दल एक खरा प्रश्न, शक्यतो एखाद्या आकृतीवर बोट ठेवून: 'तिसऱ्या आकृतीत अमुक तापमानाच्या वर टी-वन पडतो, तो कूपर जोड्या तुटल्यामुळे की दोषांमुळे, हे वेगळं कसं केलं?' मग तुम्ही केलेलं एक काम, कोडचा दुवा. दोन पानी सीव्ही. दहा दिवसांनी एकदा आठवण, त्यानंतर थांबा. 'आदरणीय सर, आपलं थोर कार्य' ही सुरुवात नको, सरळ 'डॉ. अमुक' लिहा.


हिमांक:

आणि तुम्हीही मुलाखत घ्या. गाइडला नव्हे तर तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारायचे प्रश्न: मागच्या वर्षी फ्रिज किंवा लेझर किती महिने बंद होता? शेवटच्या दोघांना पदवीला किती वर्षं लागली? चिप इथे बनते की बाहेरून येते? आयात मालाची फाइल कोण सांभाळतं, मुलं की कार्यालय? विद्यापीठात असाल तर गाइडच्या जागाही बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी. जागा भरलेल्या असतील तर होकार कितीही गोड असला तरी नोंदणी होत नाही.

प्रायोगिक मुलाखतीतला एक आवडता प्रश्न सांगून ठेवतो. जनरेटरवर १ व्होल्ट लावलाय, ऑसिलोस्कोप २ दाखवतोय, का? जनरेटर पुढे ५० ओम आहे असं धरून आकडा सांगतो, स्कोप १ मेगाओमवर आहे. हे ज्याने हाताने केलंय त्याला दोन सेकंद लागतात. सिद्धांतात तसाच प्रश्न बेल अवस्थेचा. एक क्युबिट बाजूला टाकला तर उरलेल्याची घनता मॅट्रिक्स काय? एकक मॅट्रिक्सच्या निम्मी, शुद्धता अर्धी. आणि याचा अर्थ काय हे शब्दांत सांगता आलं पाहिजे.


गोदातीर:

जेआरएफ नाही लागली, पण एका राज्य विद्यापीठात गाइड मिळालेत, विषय एनव्ही संवेदनाचा. सारथी किंवा महाज्योतीची फेलोशिप यावर चालते का?


नेट_गेट_जेस्ट:

चालते. सारथी मराठा-कुणबी गटासाठी, महाज्योती इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी, बार्टी अनुसूचित जातींसाठी. विषयाची अडचण नाही. बघायच्या गोष्टी दोन. पीएचडीची नोंदणी आधी पक्की हवी, त्याचं विद्यापीठाचं पत्र अर्जाला लागतं, म्हणून संशोधन मान्यता समितीची बैठक लांबली तर जाहिरातीची मुदत निघून जाते. विभागात आजच तारीख विचारा. दुसरं, एका वेळी एकच फेलोशिप. पुढे जेआरएफ लागली तर ही सोडायची, तसं लेखी कळवायचं, नाहीतर घेतलेली रक्कम परत मागतात.

लॅबचं म्हणाल तर एनव्हीसाठी लेझर, मायक्रोवेव्ह स्रोत आणि फोटॉन मोजणारा डिटेक्टर यांपैकी गाइडकडे आज टेबलावर काय आहे, ते बघून या. तिन्ही असतील तर खुशाल रुजू व्हा. फक्त प्रस्ताव पाठवलेला असेल तर आयआयटी मुंबईसारख्या जवळच्या गटाशी सहकार्य आहे का ते विचारा, आणि असल्यास पहिल्या वर्षातले काही महिने तिथे मोजमाप करायला मिळेल असं संशोधन आराखड्यातच लिहून घ्या.